ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू बॉट का लावतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, भरतीचे फॉर्म ही रोजची कामं. संध्याकाळी खुर्च्या रिकाम्या झाल्या की गावातले पोट्टे येतात आणि गेमबद्दल विचारतात. कधी त्यांचे बाबाही विचारतात, तेव्हा आवाज जरा चढा असतो. बॉटचा विषय इतक्यांदा निघाला की उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न शक्यतो आले तशाच शब्दांत ठेवले आहेत.

बॉट म्हणजे नेमकं काय, भाऊ?

तुमच्या जागी बसून तुमचं पात्र खेळवणारा प्रोग्राम. सगळे एका जातीचे नसतात. सर्वांत साधा म्हणजे मॅक्रो. तो ठरावीक बटणं ठरावीक अंतराने दाबत राहतो, समोर काय चाललंय ते त्याला दिसत नाही. त्याच्या वरचा स्क्रीनवरचे रंग बघतो: झाडाचा रंग दिसला की क्लिक, पिशवी भरली की बँकेकडे. त्याहून हुशार बॉट गेमची मेमरीच वाचतात, त्यामुळे राक्षस कुठे उभा आहे हे त्यांना चित्र न बघता कळतं. काही तर गेम उघडतच नाहीत. रॅग्नारॉक ऑनलाइनसाठी लिहिलेला ओपनकोर हा जुना बॉट थेट सर्व्हरशी बोलतो. सर्व्हरला वाटतं समोर खेळाडू आहे, आणि इकडे काळ्या खिडकीत नुसत्या ओळी सरकत असतात.

बीजीएमआय अन् फ्री फायरमध्ये आम्ही बॉट मारतो. तेच का हे?

नाही. ते कंपनीनेच सोडलेले असतात, लॉबी भरावी आणि नवख्याला दोन-चार किल मिळून त्याचा हुरूप टिकावा म्हणून. इथे आपण बोलतोय ते खेळाडूने कंपनीचे नियम मोडून लावलेल्या बॉटबद्दल, तेही रोल-प्लेइंग गेममधल्या, जिथे एकच पात्र वर्षानुवर्षं वाढवायचं असतं.

खेळायचा म्हणून गेम घेतला, मग तो मशीनले कायले खेळू द्यायचा?

मुद्द्याचा प्रश्न हाच आहे. त्याचं उत्तर खेळाडूच्या स्वभावात शोधण्याआधी गेमच्या हिशेबात शोधावं, असं माझं मत आहे.

रूनस्केप घ्या. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा हा गेम २००१पासून चालू आहे. त्याची ओल्ड स्कूल ही आवृत्ती २०१८पासून मोबाइलवरही मिळते, म्हणून आपल्याकडच्या एखाद्या पोराच्या फोनमध्ये ती सापडते. लाकूडतोड, मासेमारी, खाणकाम अशी वीसहून जास्त कौशल्यं आहेत. एका कौशल्याची ९९वी पातळी गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात. मेख पुढे आहे. ९२व्या पातळीवर पोचता तेव्हा तुमचे ६५,१७,२५३ गुण झालेले असतात, म्हणजे जेमतेम निम्मे. उरलेल्या सात पातळ्यांना आधीच्या सगळ्यांइतकीच मेहनत. तासाला ६० हजार गुण मिळतात असं धरलं तरी ९९ला सुमारे २१७ तास लागतात. रोज दोन तास बसलं तर साडेतीन महिने, तेही एका कौशल्यासाठी. आणि त्या साडेतीन महिन्यांत करायचं काय? झाडावर क्लिक. झाड पडलं की दुसऱ्या झाडावर क्लिक.

दुसरा भाग नशिबाचा. याच गेममध्ये अ‍ॅबिसल डीमन नावाचा राक्षस मारला की ५१२मध्ये एकदा एक चाबूक पडतो. पोरांना वाटतं, ५१२ मारले म्हणजे मिळालाच. तसं नसतं. दर वेळी फासा नव्याने पडतो, त्यामुळे ५१२ मारूनही हात रिकामा राहण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते. हजार मारूनही ती १४ टक्क्यांच्या आसपास असते. बक्षीस येणार आहे हे माहीत, पण कधी ते माहीत नाही, अशा वेळी माणूस उठत नाही. जुगाराच्या मशीनपुढे बसलेल्याचं हेच होतं, आणि गेम बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

असं बनवतात कारण नवीन प्रदेश, नवी गोष्ट, नवे राक्षस तयार करायला कंपनीला महिने लागतात आणि खेळाडू ते चार दिवसांत संपवतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४मध्ये आला तेव्हा धंदा महिन्याच्या वर्गणीवर होता. खेळाडू महिनाभर गुंतून राहिला पाहिजे, मग मधली पोकळी एकच काम हजारदा करायला लावून भरायची. खेळाडूंच्या भाषेत याला ग्राइंड म्हणतात.

कापूस वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते. वेचण्यात मजा येते का, हे तिला कोणी विचारत नाही. गेमने असंच वजनकाट्यावर मोजायला सुरुवात केली की खेळाडूही मजुरासारखा हिशेब करतो: वजन भरायचं आहे ना, मग हात कोणाचे का असेनात. बॉट लावणाऱ्याला गेम आवडत नाही असं नाही. त्यातला एक भाग त्याला फार आवडतो, पण तिथपर्यंत पोचायचा रस्ता नकोसा झालेला असतो.

म्हणजे बॉट लावणारे आळशी नसतात?

काही असतातच. पण आळशी माणूस गेम सोडून देतो. बॉट बसवायचा तर फाइली शोधा, सेटिंग लावा, अडकला की पुन्हा सोडवा, ही कटकट आळशाच्याने होत नाही.

रिचर्ड बार्टल यांनी रॉय ट्रबशॉ यांच्यासोबत १९७८च्या सुमारास इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात अनेकांनी एकत्र खेळायचा पहिला मजकुरी गेम उभा केला. पुढे १९९६मध्ये बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार मांडले: पातळ्या गाठणारे, जग धुंडाळणारे, गप्पा मारायला येणारे आणि दुसऱ्याला हरवायला येणारे. ही विभागणी बॉटच्या प्रश्नाला चांगली लागू पडते. ज्याला दुसऱ्याशी लढायचं आहे, त्याला लाकूडतोड म्हणजे नुसता अडथळा. ज्याला मित्रांसोबत फिरायचं आहे, त्याचे मित्र पातळीने पुढे गेलेले असतात, आणि तो मागे पडला की त्याला टोळीत कोणी घेत नाही. मागे पडायची ही भीती माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त. पातळ्या गाठणाऱ्याने बॉट लावणं मात्र मला आजवर नीट समजलेलं नाही. ९९वी पातळी गाठणाऱ्यालाच मिळणारी शाल अंगावर घेऊन तो बाजारात उभा राहतो, आणि ती कोणी मिळवली हे फक्त त्यालाच माहीत असतं.

आणखी एक जात आहे, ज्यांना गेमपेक्षा बॉट लिहिण्यातच रस असतो. तिथे प्रतिस्पर्धी राक्षस नसतो, कंपनीचा इंजिनिअर असतो. अशी पोरं पुढे चांगली प्रोग्रामर होऊ शकतात. त्यांना मी रागावत नाही, फक्त हे डोकं दुसरीकडे वळव म्हणतो.

आमच्याकडे लाइट जाते, नेटवर्क जाते. मग लावला बॉट तर काय चुकलं?

हा प्रश्न पुण्या-मुंबईचा खेळाडू विचारणार नाही. हे गेम बनवताना डोळ्यांसमोर एक माणूस धरलेला असतो: सलग तीन तास मोकळे, टेबलावर कॉम्प्युटर, न तुटणारं नेट. आपल्याकडचा पोरगा दिवसा वावरात, शेतीच्या पंपाची वीज रात्रपाळीला आली की रात्री ओलिताला. मोटर सुरू करून पाणी या सरीतून त्या सरीत वळवायचं, मधे दहा-पंधरा मिनिटं मोकळी, तेवढ्यात फोन. सोयाबीन कापणीला आलं की महिनाभर तेही नाही. उन्हाळ्यात पारा ४५च्या वर गेला की फोन असा तापतो की गेम आपोआप बंद पडतो. ऐन लढाईत नेटवर्क गेलं तर पात्र उभ्या उभ्या मरतं, आणि ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये मेलं की सामान सांभाळण्याची कसरत वेगळी.

तेव्हा त्याला वाटणं साहजिक आहे की, शहरातल्या पोराचे तीन तास आणि माझी पंधरा मिनिटं यांतला फरक बॉट भरून काढेल. मला हे कारण बाकी सगळ्या कारणांपेक्षा पटतं. तरी खोट आहेच. बॉटलाही वीज आणि नेट लागतंच. ते जिथे अखंड मिळतं तिथला बॉट चोवीस तास चालतो आणि तुमचा लाइट जाईपर्यंत. म्हणजे ज्या फरकाने तुम्ही चिडलात, तो बॉटने वाढतो.

थोड्या वेळात खेळणाऱ्यांचा विचार केलेले गेम आहेत. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ईव्ह ऑनलाइनमध्ये २००३पासून कौशल्यं घड्याळावर वाढतात. रांग लावून ठेवायची, गेम बंद करायचा, शिकणं चालूच राहतं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पात्र धर्मशाळेत झोपवून ठेवलं की विश्रांतीचे गुण साठतात आणि परत आल्यावर काही काळ राक्षसांमागे दुप्पट अनुभव मिळतो. अर्थात ईव्हमध्येही बॉट आहेत, खनिज खोदणारे. कौशल्याचं ग्राइंड गेलं, पण पैशाचं उरलं.

पैशासाठी बॉट कोण लावते?

गेममधलं सोनं खऱ्या पैशाला विकलं जातं. अमेरिका-युरोपातल्या खेळाडूकडे पैसा असतो, वेळ नसतो. दुसऱ्या टोकाला वेळ असतो, पैसा नसतो. चीनमध्ये वीस वर्षांपूर्वी यासाठी खोल्याच्या खोल्या भरून माणसं पाळ्यांत बसायची. पुढे व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथले लोक रूनस्केपमध्ये हिरवे ड्रॅगन मारून घर चालवू लागले. हे बरंचसं हाताने केलेलं काम होतं. आणि इथेच बॉटचा फटका बसतो: एकाने पन्नास बॉट सोडले की सोन्याचा भाव पडतो, आणि हाताने मारणाऱ्याची दिवसाची कमाई तेवढ्याने घटते. बॉटमुळे पहिला मार कंपनीला बसतो असं लोक समजतात. माझ्या मते तो या माणसाला बसतो.

आकडे बघायचे तर, वॉरक्राफ्ट बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने जून २०२०मध्ये सांगितलं की वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या अमेरिका, ओशनिया आणि युरोप भागांत महिन्याभरात ७४ हजारांवर खाती बंद किंवा निलंबित केली. मार्च २०२२मध्ये लॉस्ट आर्क या फुकट गेममधून अ‍ॅमेझॉनने एका झटक्यात दहा लाखांहून जास्त खाती काढली. फुकटात मिळणाऱ्या गेममध्ये नवं खातं उघडायला काही लागत नाही, म्हणून तिथे बॉट गवतासारखे माजतात.

मग आपल्या गावातून असं कमावता येईल का?

हिशेब करा. २०० वॉट घेणारा कॉम्प्युटर चोवीस तास चालला तर दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४. म्हणजे घराचं बिल याच एका डब्याने १०० युनिटांच्या वरच्या स्लॅबमध्ये. कॉम्प्युटरचा खर्च वेगळा, बॉटचं भाडं वेगळं. खातं बॅन झालं की त्यातलं सगळं सोनं गेलं. घेणारा परदेशातला, पैसे देऊन नंतर बँकेकडून परत ओढून घेतो, आणि तक्रार कुठे करणार? मुळात व्यवहारच नियमाबाहेरचा. मी कोणालाही या नादी लागू देत नाही.

बॉटमुळे बाकीच्यांचं काय बिघडते? कोणाला तो मारत थोडीच आहे?

नवख्याचं बिघडतं. त्याला पहिले पैसे लाकूड, खनिज, मासे विकून मिळतात, आणि नेमके हेच बॉट ढीगाने आणतात. रूनस्केपमध्ये ड्रेनोर गावाजवळच्या विलोच्या झाडांभोवती एकसारखे कपडे घातलेली, अर्थहीन नावांची पात्रं घोळक्याने उभी असायची, हे जुन्या खेळाडूंना आठवत असेल. जुन्या खेळाडूचं मात्र यात फावतं. त्याला कच्चा माल स्वस्त पडतो, म्हणून तो बॉटला शिव्या घालतो आणि त्याचाच माल विकत घेतो. ही दुटप्पी बाजू कोणी फारशी बोलून दाखवत नाही.

दुसरं नुकसान भरवशाचं. शेजारी उभा असलेला माणूस आहे की प्रोग्राम, ही शंका आली की कोणी कोणाशी बोलत नाही. चार लोक भेटावेत म्हणून असलेला गेम मुका होतो.

कंपनीले कसं कळते?

माणसाचा हात थरथरतो, चुकतो, कंटाळतो. तो चहाला उठतो. बॉट एकोणीस तास एकाच लयीत क्लिक करतो, म्हणून नोंदीत तो वेगळा उठून दिसतो. चांगले बॉट मुद्दाम चुका करतात, थांबतात, माउस वाकडा फिरवतात. मग कंपनी आठवडाभराचं वागणं तपासते. ब्लिझार्डचा वॉर्डन नावाचा पहारेकरी तर खेळाडूच्या कॉम्प्युटरवरच बघतो की गेमसोबत दुसरं काही चालू आहे का.

पकडलं की लगेच बॅन करत नाहीत, नावं साठवतात आणि एकाच दिवशी सगळ्यांना उडवतात. लगेच काढलं तर बॉट लिहिणाऱ्याला कळेल की नेमका कशामुळे सापडला. रूनस्केपने २५ ऑक्टोबर २०११ला असा धडाका लावला आणि पहिल्याच दिवशी १५ लाखांच्या आसपास खाती गेल्याचं सांगितलं. त्याआधी २००७-०८च्या सुमारास त्यांनी दुसरा उपाय करून पाहिला होता, खेळाडूंमधली मोकळी देवाणघेवाणच बंद. सोनं विकणारे अडले, पण मित्राला तलवार भेट देणंही बंद झालं. खेळाडू चिडले आणि फेब्रुवारी २०११मध्ये ती मोकळीक परत द्यावी लागली.

मोबाइलच्या गेममध्ये ऑटोचं बटणच असते. ते चालते, मग बॉट का नाही चालत?

बरोबर पकडलं. २०१६च्या डिसेंबरमध्ये कोरियात आलेल्या लिनिएज २ रेव्होल्यूशनमध्ये बटण दाबलं की पात्र स्वतःच चालतं, मारतं, काम पूर्ण करून पुढचं घेतं. तिथल्या कंपन्यांनी मान्य करून टाकलं की मधलं काम कोणाला करायचं नाही. पण आपणच बनवलेल्या कंटाळ्यावरचं औषधही मग त्याच विकतात, आणि जलद वाढीच्या वस्तू दुकानात असतातच. सोनं विकण्याचंही तसंच. रूनस्केपचे बाँड २०१३मध्ये आले, वॉरक्राफ्टचं टोकन २०१५मध्ये. खऱ्या पैशाने घ्या, गेममध्ये विका, सोनं मिळवा, सगळं अधिकृत. बॉटवाल्याचं गिऱ्हाईक कंपनीने स्वतःकडे वळवलं. बॉट बंद मात्र झाले नाहीत, कारण कंपनीपेक्षा स्वस्त विकणारा कोणीतरी नेहमी असतो.

नियमापुरतं उत्तर साधं आहे: बटण कंपनीने दिलं असेल तर चालतं, तुम्ही आणलं असेल तर नाही.

पोट्टा झोपला असते अन् फोनमध्ये माणूस चालतच राह्यते. हे काय भानगड आहे?

काका, बहुतेक वेळा हे वरचं ऑटोचं बटणच असतं. भुताटकी नाही, गुन्हाही नाही. फक्त फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवलेला असेल तर आधी तो काढून घ्या. तापलेली बॅटरी हा गेमपेक्षा मोठा धोका आहे.

बॉटची एपीके फाइल टेलिग्रामवर आली आहे. टाकू?

नको. अशी फाइल बहुतेकदा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. ती दिली की दुसऱ्याला तुमची स्क्रीन वाचता येते आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. बॉटला हेच लागतं, म्हणून मागणी खरी वाटते. पण त्याच फोनवर तुमचं यूपीआय असतं, बँकेचा ओटीपी येतो, आणि घरात एकच फोन असेल तर बाबांच्या कर्जखात्याचे मेसेजही त्यावरच. गेमच्या सोन्यासाठी कपाशीचे पैसे पणाला लावू नका.

हात नीट चालत नसेल तर?

ज्यांना वारंवार क्लिक करणं शरीराने शक्य नाही, त्यांचं कारण वेगळं आहे आणि ते रास्त आहे. तरीही कंपनीला आधी विचारून घ्यावं. काही मदतीची साधनं चालतात, पण आपोआप खेळणारा प्रोग्राम बहुतेक कंपन्या त्यांनाही नाकारतात. मला हा नियम कठोर वाटतो.

याच्यावर कोर्ट-कचेरी झाली का कधी?

झाली. वॉरक्राफ्टसाठी ग्लायडर नावाचा बॉट विकणाऱ्या एमडीवाय इंडस्ट्रीज या अमेरिकी कंपनीने सुमारे १,२०,००० परवाने विकले होते, कमाई ३५ लाख डॉलर. ब्लिझार्डशी झालेल्या खटल्यात डिसेंबर २०१०मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं की बॉट वापरणं हा करारभंग आहे, पण तेवढ्याने कॉपीराइट मोडत नाही. मात्र वॉर्डनला चुकवण्याचं साधन विकणं अमेरिकेच्या डिजिटल कॉपीराइट कायद्याविरुद्ध ठरलं. ऑनरबडी बॉटच्या जर्मन कंपनीविरुद्ध २०१७मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे ८५ लाख डॉलरचा निकाल लागला. दक्षिण कोरियाने तर २०१६च्या शेवटी कायदाच बदलला. असे प्रोग्राम बनवून वाटणाऱ्याला कैद किंवा दंड. सगळीकडे पकड बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. साध्या खेळाडूचं खातं जातं.

माझा आयडी बॅन झाला. एक जण म्हणते, पाचशे द्या, उघडून देतो.

तो पैसे घेऊन गायब होईल, किंवा पासवर्ड मागेल आणि मग गायब होईल. बॅन फक्त कंपनीच उठवू शकते. गेमच्या अधिकृत साइटवर अपील करा, काय घडलं ते खरं लिहा, एकदाच लिहा. त्याला पैसे देऊन बसला असाल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवून ठेवण्याची शक्यता जास्त. ईमेलचा पासवर्डही त्याच दिवशी बदला.